दूरचित्रवाणीवरील वादसभा आणि तिचा प्रेक्षक

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनीं येते, आणि तिच्या पाठोपाठ दोन प्रमुख उमेदवारांची ती प्रसिद्ध वादसभाही येते. न्यू यॉर्कच्या घड्याळांत रात्रीचे नऊ वाजलेले असतात, तेव्हां आमच्याकडे दुसऱ्या दिवशींच्या सकाळचे साडेसहा होतात. सकाळच्या चहाबरोबर ती सभा पाहणारीं कुटुंबें पुण्यामुंबईंत आतां दुर्मिळ नाहींत. ज्यांचीं मुलेंबाळें न्यू जर्सींत किंवा कॅलिफोर्नियांत स्थायिक झालीं आहेत, त्यांना तर ती घरचीच गोष्ट वाटते. सभा सामान्यतः दीड तास चालते. ती संपतांच पाहणारांत पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, "कोण जिंकलें?" सभेंत कोणता प्रश्न निघाला, त्याला कोणीं काय उत्तर दिलें, तें उत्तर खरें होतें कीं खोटें, या गोष्टी मागाहून येतात, पुष्कळदां येतच नाहींत. 'कोण जिंकलें?' या प्रश्नाचें आणि त्याला प्रेक्षकांकडून मिळणाऱ्या उत्तराचें परीक्षण करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

राजकारणांतला हा विषय वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याला आमचें उत्तर असें कीं, ही सभा निम्मी राजकारण असली तरी निम्मी रंगभूमि आहे. तिला नेपथ्य आहे, प्रकाशयोजना आहे, वेषभूषा आहे, घोटून तयार केलेलीं भाषणें आहेत, आणि समोर कोट्यवधि प्रेक्षक आहेत. प्रेक्षकाची प्रतिक्रिया हा तर साहित्यशास्त्राचा जुना विषय. भरतानें नाट्यशास्त्राचा एक सबंध अध्याय सिद्धीला, म्हणजे प्रयोग साधला कीं नाहीं हें ओळखण्याच्या खुणांना, दिला आहे. प्रेक्षकांचें स्मित, त्यांचा हंशा, 'साधु', 'अहो' असे उद्गार, अंगावरचे रोमांच, जागेवरून उठणें, या खुणांना तो मानुषी सिद्धि म्हणतो. तिच्यावर त्यानें दैवी सिद्धि सांगितली आहे. तींत प्रेक्षागृह भरलेलें असावें, आणि तरीही त्यांत आवाज नसावा, गडबड नसावी. शिवाय मतभेद पडल्यास निवाडा करण्यासाठीं त्यानें प्राश्निक नेमले आहेत, आणि ज्याला ज्या विषयाची जाण त्यानेंच त्या विषयाचा निवाडा द्यावा, असा दंडक घातला आहे. प्रेक्षकाला काय वाटलें हें पाहणें आणि प्रयोग कसा झाला हें ठरविणें या दोन गोष्टी त्यानें वेगळ्या ठेविल्या, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

वादासंबंधींही आपल्या शास्त्रकारांनीं असाच बारीक भेद केला आहे. न्यायसूत्रांप्रमाणें तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद, जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा पक्ष पाडण्यापुरती चालते ती वितंडा. या कसोटीला लावून पाहतां अमेरिकेंतली ही सभा जल्प आहे, आणि अधूनमधून ती वितंडेवर उतरते. त्यांत उमेदवारांचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. एका खुर्चीसाठीं उभे राहिलेले दोघे जिंकण्यासाठींच येणार. परंतु जल्प करणारांना जय हवा असला तरी ऐकणाराला निर्णय हवा असतो. हा माणूस चार वर्षें राज्यकारभार कसा करील, हें त्याला जाणून घ्यावयाचें असतें. प्रेक्षक जेव्हां 'कोण जिंकलें?' असें विचारतो, तेव्हां तो आपला प्रश्न टाकून देऊन उमेदवाराचा प्रश्न उचलतो. हा बदल त्याच्या नकळत होतो, आणि तो कसा होतो हें या सभांच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

या इतिहासाचा आरंभ २६ सप्टेंबर १९६० च्या रात्रीं शिकागो येथें झाला. त्या वेळीं अमेरिकेंतल्या दर दहा घरांपैकीं जवळजवळ नऊ घरांत दूरचित्रवाणी पोंचली होती, आणि सुमारें सात कोटि लोकांनीं ती सभा पाहिली. डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केनेडी उन्हानें रापलेले, गडद सुटांत, स्वस्थपणें बसले होते. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार व त्या वेळचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन हे नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यांतून उठले होते. त्यांचें वजन घटलें होतें, आणि त्या रात्रीं मोटारींतून उतरतांना तोच गुडघा पुन्हां दुखावला होता. त्यांच्या करड्या सुटाचा रंग पाठीमागच्या भिंतींत मिसळून गेला. रीतसर रंगभूषा करून घेण्याचें त्यांनीं नाकारलें. दाढीची काळसर छटा झांकण्यापुरती कांहीं पूड लावली, आणि दिव्यांच्या उष्णतेनें चेहऱ्यावर घाम आला. सभा झाल्यावर निक्सन यांच्या आईनें दूरध्वनि करून मुलाच्या प्रकृतीची चौकशी केली, हें निक्सन यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे. सात कोटि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत ही एक प्रतिक्रिया आम्हांस विशेष मोलाची वाटते. जय-पराजयाशीं तिला कर्तव्य नव्हतें. तिनें पाहिलें तें खरें होतें, आणि जें पाहिलें त्याविषयींच तिनें विचारलें.

या सभेसंबंधीं पुढें एक आख्यायिका रूढ झाली, आणि ती आजही मोठ्या विश्वासानें सांगितली जाते. ज्यांनीं सभा रेडिओवर ऐकली त्यांना निक्सन जिंकले असें वाटलें, आणि ज्यांनीं ती पाहिली त्यांना केनेडी जिंकले असें वाटलें, ही ती आख्यायिका. तिचें तात्पर्यही ठरलेलें आहे: कान शहाणा, डोळा भोळा; दूरचित्रवाणी आली आणि विचाराची जागा रूपानें घेतली. हें तात्पर्य ऐकावयास गोड लागतें, विशेषतः आमच्यासारख्या वाचनाचा व्यवसाय करणाऱ्या माणसांना. परंतु त्याचा आधार तपासला तर तो फार थोडा आहे. सिंडलिंगर नांवाच्या एका कंपनीनें केलेल्या पाहणींत रेडिओवर सभा ऐकणारे अवघे २८२ लोक होते. ते कोणत्या भागांत राहणारे, सभेपूर्वीं त्यांचा ओढा कोणत्या पक्षाकडे, याचा हिशेब त्यांत धरलेला नव्हता. रेडिओवर अवलंबून असलेल्या खेड्यापाड्यांतून निक्सन यांचे पाठीराखे आधींपासूनच अधिक असणें अगदीं शक्य होतें. १९८७ सालीं व्हॅन्सिल व पेंडेल या दोन अभ्यासकांनीं हे दोष उघड करून दाखविले.

पुढें २००३ सालीं जेम्स ड्रकमन या राज्यशास्त्रज्ञानें याच सभेवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्या सभेची फारशी पूर्वकल्पना नसलेल्या लोकांचे दोन गट करून त्यानें एकाला ती नुसती ऐकविली आणि दुसऱ्याला दाखविली. पाहणारांचा कौल केनेडींकडे अधिक झुकला, आणि त्यांनीं व्यक्तिमत्त्वाला अधिक वजन दिलें, हें त्यांत खरेंच आढळलें. म्हणजे आख्यायिकेंत तथ्य अगदींच नव्हतें असें नाहीं. पण त्याच प्रयोगांत असेंही आढळलें कीं, सभेंतला मजकूर पाहणारांनीं ऐकणारांपेक्षां अधिक ग्रहण केला. डोळ्यानें त्यांचें लक्ष फोडलें नाहीं, उलट धरून ठेविलें. आमच्याकडे कीर्तन ऐकणारांना हें नवलाचें वाटणार नाहीं. बुवांची मुद्रा दिसत असली म्हणजे आख्यान अधिक चांगलें लक्षांत राहतें, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. तेव्हां प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेंत जें बिघडतें त्याचा सारा दोष डोळ्यावर टाकून चालणार नाहीं. तो कोठें आहे, याचा शोध १९७६ च्या सभांत लागतो.

मध्यंतरीं सोळा वर्षें अशी सभाच झाली नाहीं. सर्व उमेदवारांना सारखा वेळ दिला पाहिजे असें १९३४ च्या कायद्याचें बंधन होतें; तें १९६० पुरतें उठविलें होतें. १९७६ सालीं लीग ऑफ विमेन व्होटर्स या संस्थेनें पुढाकार घेऊन अध्यक्ष जेरल्ड फोर्ड व जिमी कार्टर यांच्या सभा भरविल्या. फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट नाट्यगृहांत २३ सप्टेंबर रोजीं झालेली पहिली सभा संपत आली असतां ध्वनियंत्रणा बंद पडली, आणि सत्तावीस मिनिटें कांहींच ऐकूं येईना. देशाचा अध्यक्ष आणि अध्यक्ष होऊं पाहणारा, हे दोघे आपापल्या मेजापाशीं ताटकळत उभे राहिले. ते खालीं बसले नाहींत, एकमेकांशीं बोललेही नाहींत. भरताच्या दैवी सिद्धींतली निःशब्दता ती नव्हे! तरीही ज्यांनीं तीं सत्तावीस मिनिटें पाहिलीं त्यांना एक गोष्ट कळावयास हरकत नव्हती. कोट्यवधि डोळे आपणांवर खिळलेले आहेत या जाणिवेनें दोन कर्ते पुरुष हलावयास भीत होते. प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेचा धाक रंगमंचावर किती चढला होता, हें त्या मुक्या प्रवेशांत उघडें पडलें.

दुसरी सभा ६ ऑक्टोबर रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें झाली. तींत फोर्ड यांनीं पूर्व युरोपवर सोव्हिएट सत्तेचें वर्चस्व नाहीं, अशा अर्थाचें विधान केलें. पोलंड आणि हंगेरी यांची त्या काळची स्थिति ठाऊक असणाराला तें धक्कादायक होतें. पण त्याच रात्रीं लोकांची मतें विचारलीं, तेव्हां पुष्कळांना फोर्ड यांचें भाषण चांगलें झालें असेंच वाटत होतें. त्या विधानाचा उल्लेखही फारसा कोणी करीत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं व दूरचित्रवाणीनें तें विधान उचलून धरलें, आणि चोवीस तासांच्या आंत तोच प्रश्न विचारला असतां कौल कार्टर यांच्या बाजूला मोठ्या प्रमाणांत फिरला. सभा तीच होती, आणि ती कोणी पुन्हां पाहिली नव्हती.

या प्रसंगाचा अर्थ सावधपणें लाविला पाहिजे. पत्रकारांनीं चूक दाखविली हें त्यांचें कर्तव्यच होतें. भरताचा प्राश्निक दुसरें काय करितो? पोलंडविषयीं जें ठाऊक नव्हतें तें ज्या वाचकाला दुसऱ्या दिवशीं कळलें, त्याचा लाभच झाला. परंतु विधान चुकीचें होतें हें कळणें वेगळें, आणि काल आपण एका हरलेल्या माणसाला पाहिलें होतें असें आज आठवूं लागणें वेगळें. पहिल्यांत ज्ञान वाढतें, दुसऱ्यांत आठवण बदलते. 'फोर्ड यांचें विधान मला काल खटकलें नाहीं, आज तें चूक असल्याचें समजलें,' असें म्हणणारा प्रेक्षक प्रामाणिक होय, आणि त्याच्या हातांत आपल्या अज्ञानाचें मापही राहतें. 'फोर्ड हरले' एवढेंच म्हणणारानें तें माप गमाविलें, आणि पुढच्या वेळीं तो पुन्हां तसाच फसेल.

प्रतिक्रिया बाहेरून येते याचें दुसरें उदाहरण हंशाचें. १९८४ सालीं अध्यक्ष रोनाल्ड रेगन ७३ वर्षांचे होते. ७ ऑक्टोबरच्या लुइव्हिल येथील सभेंत ते अडखळले, आणि त्यांच्या वयाची चर्चा सुरू झाली. २१ ऑक्टोबर रोजीं कॅन्सस सिटी येथें त्यांना त्याविषयीं प्रश्न विचारला गेला, तेव्हां ५६ वर्षांच्या वॉल्टर मॉंडेल यांचें तारुण्य व अननुभव यांचा आपण राजकीय फायदा उठविणार नाहीं, असें त्यांनीं गंभीर मुद्रेनें उत्तर दिलें. सभागृहांत हंशा पिकला. स्वतः मॉंडेल हंसले. त्या एका वाक्यानें वयाचा प्रश्न मिटला, असें मानण्यांत येतें. आतां विचार करून पाहावें, तर विनोद उत्तम असला तरी प्रश्नाचें उत्तर त्यांत नव्हतें. सत्तरी उलटलेल्या माणसाला आणीबाणीच्या रात्रीं जागून निर्णय घेतां येईल कीं नाहीं, हा प्रश्न जेथल्या तेथें राहिला. पुढें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत या सभेचे निरनिराळे पाठ तयार करून लोकांना दाखविण्यांत आले. रेगन यांचे विनोद ठेवून सभागृहांतला हंशा तेवढा काढून टाकला, तेव्हां रेगन यांच्या कामगिरीविषयींचें मत पुष्कळच उतरलें. म्हणजे घरीं बसलेला प्रेक्षक विनोदाला हंसत होता असें म्हणण्यापेक्षां सभागृहाच्या हंशाला हंसत होता, असेंच म्हणावें लागतें.

इंग्लंडांत पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची अशी सभा प्रथम २०१० सालीं झाली. तेथील अभ्यासकांनीं याहून धीट प्रयोग केला. सभा चालू असतां पडद्याच्या तळाशीं एक रेषा हलत असते. कांहीं निवडक प्रेक्षक हातांतल्या यंत्रानें आपली पसंती-नापसंती क्षणोक्षणीं कळवीत असतात, आणि तिची सरासरी त्या रेषेनें दिसते. अभ्यासकांनीं ही रेषा आपल्या मनाप्रमाणें हलविली, एका गटासमोर एका उमेदवाराच्या बाजूनें आणि दुसऱ्या गटासमोर दुसऱ्याच्या. कोण जिंकलें याविषयीं दोन्ही गटांचीं मतें त्या बनावट रेषेच्या मागोमाग गेलीं. आपलें मत आपण बनविलें अशी समजूत मात्र दोन्ही गटांची कायम राहिली असावी, असें आमचें अनुमान आहे. कारण उसनें मत उसनें म्हणून ओळखूं येत नाहीं, हाच त्याचा विशेष.

प्रतिक्रिया मोजण्याची घाई किती जुनी आहे, हेंही पाहण्यासारखें आहे. १९८० सालीं २८ ऑक्टोबरच्या क्लीव्हलंड येथील सभेनंतर लगेच ए.बी.सी. या दूरचित्रवाणी संस्थेनें प्रेक्षकांना दूरध्वनीनें कौल देण्याचें आवाहन केलें. एका दूरध्वनीला पन्नास सेंट पडत, आणि एकानें कितीही वेळां करावा. सुमारें सात लाख दूरध्वनि आले, आणि रेगन यांना कार्टर यांच्या दुप्पट मतें पडलीं. ज्याच्यापाशीं उत्साह व पैसा अधिक त्याचा आवाज मोठा, असा हा कौल. तरी तो आंकड्यांत आला म्हणून त्याला वजन आलें. २०१२ सालीं डेन्व्हरच्या सभेच्या दीड तासांत ट्विटरवर एक कोटीहून अधिक संदेश गेले. आतां प्रतिक्रिया सभा संपण्याचीही वाट पाहत नाहीं. वाक्य पुरें होण्यापूर्वींच तिचा निकाल लागलेला असतो.

मग हावभावांकडे पाहूंच नये कीं काय? तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. अभिनयाचा अर्थ लावणें हें समीक्षेचें काम आहे, आणि माणसाची ओळख त्याच्या शब्दांइतकीच त्याच्या नकळत झालेल्या हालचालींत पटते. १९८८ सालीं लॉस अँजेलिसच्या सभेंत पहिलाच प्रश्न मायकेल ड्यूकाकिस यांना असा आला कीं, तुमच्या पत्नीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तर तुम्ही खुन्याला फांशी मागाल काय? प्रश्न क्रूर होता. ड्यूकाकिस यांनीं फांशीच्या शिक्षेविरुद्ध आपलें नेहमींचें मत शांतपणें सांगितलें. तत्त्वाच्या दृष्टीनें उत्तरांत खोट नव्हती, पण तें ऐकतांना प्रेक्षकांच्या मनांत जें कांहीं हललें होतें त्याची दखल त्या स्वरांत नव्हती, आणि लोकांना तें उत्तर कोरडें वाटलें. ही प्रतिक्रिया उथळ होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. १९९२ सालीं रिचमंडच्या सभेंत सामान्य नागरिक प्रश्न विचारीत असतां अध्यक्ष जॉर्ज बुश यांनीं घड्याळाकडे पाहिलें, आणि बिल क्लिंटन मात्र प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीच्या जवळ चालत गेले. यांतही प्रेक्षकानें कांहीं अर्थ वाचला असेल तर तो त्याचा हक्क आहे.

परंतु एकदां घडलेला हावभाव शंभरदां दाखविला म्हणजे त्याचा अर्थ शंभर पटींनीं खरा होत नाहीं. संगीत नाटकांच्या ऐन भरांत आमच्याकडे 'वन्समोअर'ची प्रथा बोकाळली होती. आवडलेलें पद प्रेक्षक पुन्हां मागत, नट तें पुन्हां म्हणे, आणि तेवढ्यांत नाटकाचा धागा तुटून जाई. घरीं जातांना लोकांच्या ओठांवर पद असे, कथानक नसे. जुन्या टीकाकारांनीं या प्रथेवर कोरडे ओढले ते योग्यच होते. निदान तेथें मागणारा प्रेक्षक तरी होता. दूरचित्रवाणीवर न मागतां वन्समोअर मिळतो. ३ ऑक्टोबर २००० रोजीं बॉस्टन येथील सभेंत प्रतिस्पर्धी बोलत असतां ॲल गोर यांनीं अनेकदां मोठ्यानें सुस्कारे सोडले. त्याच रात्रीं घेतलेल्या कांहीं चाचण्यांत गोर यांच्याकडे किंचित् अधिक कौल होता. पुढील दिवसांत ते सुस्कारे एकामागून एक जोडून वारंवार दाखविण्यांत आले, विनोदी कार्यक्रमांत त्यांची नक्कल झाली, आणि दीड तासाच्या त्या सभेंतलें लोकांच्या स्मरणांत जें राहिलें तें मुख्यतः एवढेंच. करांसंबंधीं आणि वृद्धांच्या औषधोपचारासंबंधीं त्या रात्रीं जें बोलणें झालें, तें सुस्काऱ्यांखालीं पुरलें गेलें.

हें सारें दूरचित्रवाणीच्या युगाचें पाप आहे, पूर्वींचा श्रोता शहाणा होता, असें कोणी म्हणेल तर तेंही खरें नाहीं. अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या १८५८ सालच्या सात वादसभा आदर्श मानल्या जातात. त्या अध्यक्षपदासाठीं नसून इलिनॉय संस्थानाच्या सेनेटमधील जागेसाठीं होत्या. एकेक सभा तीन तास चाले. एकानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास, आणि पहिल्यानें पुन्हां अर्धा तास. पण त्या सभांतही लोक आरोळ्या ठोकीत, टोमणे मारीत, आणि शिकागोचीं दोन विरुद्ध पक्षांचीं पत्रें एकाच सभेचा वृत्तांत वेगवेगळा छापून आपलाच माणूस जिंकल्याचें जाहीर करीत. आपल्या पक्षाचा जय पाहण्याची हौस यंत्रानें निर्माण केलेली नाहीं. फरक इतकाच कीं, त्या काळीं सभा ऐकून शेतकरी कित्येक मैल गाडींतून घरीं जाई, आणि वर्तमानपत्र हातीं पडण्यापूर्वीं त्याला स्वतःशीं व शेजाऱ्याशीं बोलावयास वाट मोकळी असे. ती वाट आज उरलेली नाहीं. सभा संपते त्याच क्षणीं पडद्यावर चार जाणते येऊन बसतात.

शिवाय 'कोण जिंकलें?' या प्रश्नाचें उत्तर भविष्य सांगण्याच्याही उपयोगीं पडत नाहीं. २६ सप्टेंबर २०१६ रोजीं हिलरी क्लिंटन व डोनाल्ड ट्रम्प यांची पहिली सभा सुमारें ८ कोटि ४० लाख लोकांनीं पाहिली, आणि पाहणारांच्या बहुतेक शास्त्रशुद्ध चाचण्यांत क्लिंटन सरस ठरल्या. अध्यक्ष ट्रम्प झाले. १० सप्टेंबर २०२४ रोजीं फिलाडेल्फिया येथें कमला हॅरिस व ट्रम्प समोरासमोर आले, सुमारें ६ कोटि ७० लाख लोकांनीं पाहिलें, आणि बहुतेक चाचण्यांत हॅरिस पुढें होत्या. नोव्हेंबरांत पुन्हां ट्रम्प निवडून आले. या दोन सभांत जो 'जय' मोजला गेला तो मतपेटींत उतरला नाहीं. मतदारांनीं सभेबाहेरच्या गोष्टींना अधिक वजन दिलें, आणि तसें करण्याचा त्यांना अधिकार होता.

याच्या उलट २७ जून २०२४ ची अटलांटा येथील सभा. तेथें समोर श्रोते नव्हते. म्हणजे उसना हंशा नव्हता, टाळ्या नव्हत्या. एकजण बोलत असतां दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेविलेला होता. सुमारें ५ कोटि १० लाख लोकांनीं ८१ वर्षांच्या अध्यक्ष जो बायडेन यांना घोगऱ्या आवाजांत बोलतांना, मध्येंच वाक्याचा धागा हरवतांना पाहिलें. येथें प्रेक्षकाला कोणी सांगावें लागलें नाहीं. त्या रात्रींची प्रतिक्रिया जय-पराजयाची कमी आणि काळजीची अधिक होती. ज्यांचें मत बायडेन यांनाच पडावयाचें होतें असे लोकही तीच काळजी बोलून दाखवीत होते. चोविसाव्या दिवशीं, २१ जुलै रोजीं, बायडेन यांनीं आपली उमेदवारी मागें घेतली. १९६० सालीं निक्सन यांच्या आईनें जो प्रश्न विचारला होता, तोच या वेळीं कोट्यवधि लोकांनीं विचारला. भेद एवढाच कीं, निक्सन यांचें दुखणें चार दिवसांचें होतें आणि अध्यक्षपदाशीं त्याचा संबंध नव्हता. बायडेन यांच्या वयाचा प्रश्न पुढील चार वर्षांच्या कारभाराशीं थेट जोडलेला होता. डोळ्यानें पाहिलेलें केव्हां महत्त्वाचें आणि केव्हां नाहीं, हें डोळा सांगूं शकत नाहीं. तें पाहणाराच्या विवेकानेंच ठरवावें लागतें. हा विवेक करण्याची संधि प्रेक्षकाला मिळते कीं नाहीं, यावर त्याच्या प्रतिक्रियेची किंमत अवलंबून आहे.

आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनाच अमेरिकेंत मत असेल. तरी जी संवय तेथें साठ वर्षांत जडली ती येथेंही जडत आहे. आमच्याकडे पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची अशी सभा होत नसली, तरी रोज रात्रीं दूरचित्रवाणीवर वाद होतात आणि ते संपतांच कोणीं कोणास गप्प केलें याचीच चर्चा होते. जल्प ऐकून निर्णय करणें कठीण असलें तरी अशक्य नाहीं. त्यासाठीं सभा आणि तिच्यावरचें भाष्य यांच्यामध्यें थोडें अंतर हवें, एवढेंच. सभा संपतांच यंत्र पाव तास बंद ठेवावें. घरांतल्या प्रत्येकानें, मुलांनींसुद्धां, आपण काय ऐकलें तें एकेका वाक्यांत सांगावें. कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळालें नाहीं तें आठवावें. आणि एखादा हावभाव मनांत राहिला असेल तर तो कां राहिला हें विचारावें. मग पाहिजे तर यंत्र सुरू करून जाणत्यांचें म्हणणें ऐकावें. तें ऐकून मत बदललें तरी बिघडत नाहीं. कोणतें मत बदललें हें निदान त्यांना ठाऊक असेल. अमेरिकेची पुढची निवडणूक २०२८ सालीं आहे. तोंपर्यंत हा प्रयोग घरच्या घरीं करून पाहण्यास पुष्कळ अवसर आहे.